तुमच्या मागे कोण?

ती. अक्का यांस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी चार अंगं सध्या कामातून गेली आहेत, कंबर त्यांत मुख्य. उरलेल्या चारांचा गोड मानून घ्यावा.) तुमची प्रकृती उत्तम असणारच, बिघडायची तिची काय छाती आहे. पत्रास कारण एवढंच, की मागच्या खेपेला तुम्ही आमच्याकडे विसरलेली, आणि जी मी हरवली म्हणून तुम्ही चार माणसांत माझा उद्धार केलात, ती पिठाची चाळणी सापडली. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, असा आपला जुना रिवाज आहे. शिवाय आमच्या दोन खोल्यांत कितीही कुजबुजलं तरी तुमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, शब्दन् शब्द ऐकू जातो. आणि हे तिला ऐकू जाता कामा नये.

हिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. एका दमात लिहून टाकलं, दमादमाने लिहायला गेलो असतो तर पत्र तिथेच राहिलं असतं. जिना चढताना ही मधेच थांबते आणि भिंतीचा रंग कुठे उडालाय ते बघत असल्यासारखं करते. मीही शेजारी उभा राहून रंग बघतो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, आता थांबू नका. आणि पुढच्याच श्वासात म्हणाले, तारखेसाठी खाली रांगेत थांबा. (शिकलेला माणूस, पण आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नाही.) तुम्हाला कळवायचं नाही अशी हिची सक्त ताकीद आहे. म्हणते, अक्का येईल, रडेल, आणि रडून झालं की माझे डबे हलवील. तुम्ही गेल्यावर आम्हाला साखर सापडायला पंधरवडा लागतो, हे तुम्हीही नाकबूल करणार नाही.

तर रांग. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर बाहेरगावाहून येतात, त्यामुळे महिन्याच्या तारखा मोजक्या, आणि त्या एकाच सकाळी एकाच खिडकीतून वाटतात. संपल्या की खिडकी बंद, मग पुढच्या महिन्यात या. आम्ही उजाडायच्या आत पोचलो, तर आमच्या आधी अर्धं गाव पोचलेलं. हिला मी जिन्याखालच्या बाकावर बसवलं आणि रांगेत घुसलो. घुसलो म्हणजे शेवटी उभा राहिलो. घुसणं हे तुमचं काम, ती कला आमच्या घराण्यात नाही. रांग खिडकीपासून निघून औषधांच्या दुकानाला वळसा घालून सायकली लावायच्या जागेपर्यंत गेली होती. पुढे मुंगीच्या पावलाने सरकत होती, मागे मात्र नुसती फुगत होती. खिडकीतून कोणी तारीख घेऊन बाहेर पडला, की सगळे त्याच्याकडे असे बघत, जणू त्याने आमच्या ताटातलं उचललंय. दर माणसामागे मला वाटे, ही तारीख गेली, ही हिची होती.

या रांगेत चिठ्ठी नाही, नंबर नाही. सगळा कारभार तोंडी. आपल्या पुढे कोण आणि मागे कोण एवढं प्रत्येकाने ध्यानात ठेवायचं, हाच पुरावा. या कारभारावर एक निवृत्त बस कंडक्टर बसला होता, म्हणजे उभा होता. त्याला कोणी नेमलं नव्हतं, तोही तारखेसाठीच आलेला. पण माणूस असा, की रांग दिसली की त्याचा हात आपोआप कमरेच्या पिशवीकडे जातो, जी आता नाही. दर थोड्या वेळाने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि कुणालाही गाठून विचारायचा, पुढे कोण, मागे कोण? अडखळला की घुसखोर.

माझ्या मागे एक इस्त्रीवाल्या बाई होत्या. दंड माझ्या मांडीएवढा, आवाज तुमच्याएवढा. नवऱ्याच्या तारखेसाठी आल्या होत्या. मला म्हणाल्या, काका, जागा बघा, पाणी भरून आणते. त्या गेल्या. तेवढ्यात मी मान लांब करून हिच्याकडे पाहिलं. ही बाकावर डोळे मिटून बसली होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. झोपली होती की काय, ते इतक्या लांबून कळेना. छाती हलतेय का ते बघत होतो, आणि नेमका त्याच वेळी कंडक्टर माझ्यासमोर येऊन म्हणाला, तुमच्या मागे कोण?

अक्का, मी वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत उभा जन्म काढला, हे तुम्ही जाणताच. (तुम्ही तिला 'मयताची खिडकी' म्हणायचात.) निधनवार्ता घ्यायची, मान वर न करता विचारायचं, मागे कोण? समोरचा सांगणार, पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं. आपण लिहून घ्यायचं, पुढचा या. हा प्रश्न मी इतक्यांदा विचारला, पण मला तो आजवर कोणी विचारला नव्हता. त्यामुळे मी तो आमच्या खात्याच्या पद्धतीनेच ऐकला आणि मनात हिशेब मांडला. मूलबाळ नाही. ही आहे. पण ही त्या बाकावर अशी बसलेली. ही आधी गेली, तर मग? मी म्हणालो, कोणीच नाही हो.

कंडक्टरने मागे पाहिलं. माझ्या लगेच मागची जागा खरंच रिकामी होती, बाई नळावर. तो म्हणाला, मागे कोणी नाही म्हणजे तुम्ही शेवटचे, चला, शेवटी चला. आणि मी गेलो! शहाणा माणूस भांडला असता. मी आपला मान खाली घालून पार सायकलींपर्यंत चालत गेलो. डोळ्यांसमोर निधनवार्तेची एकच ओळ दिसत होती, मागे कोणी नाही, आणि तीही माझ्याच अक्षरात. तिथे उभा राहिल्यावर भानावर आलो, तोवर कुणीतरी ओरडलं की तारखा संपत आल्या. पुढे जावं तर घुसखोर, न जावं तर हिला घेऊन महिनाभर तो जिना, ती भिंत आणि तो रंग. रडू आलं म्हटलंत तरी चालेल.

इतक्यात नळाकडून बाई आल्या आणि आपल्या पुढचा काका गायब पाहून त्यांनी असा हंबरडा फोडला, की खिडकीतला कारकूनही थांबला. त्यांचंही बरोबर होतं म्हणा; पुढचा माणूसच नाही तर यांची साक्ष कोण देणार? त्यांनी मला सायकलींतून हुडकून काढलं, मनगटाला धरलं आणि सगळ्या रांगेदेखत ओढत पुढे नेलं. कंडक्टर म्हणाला, हे स्वतःच म्हणाले की मागे कोणी नाही. बाई म्हणाल्या, कसं नाही, मी आहे की यांच्या मागे! रांग हसली. बाकावरून हिने डोळे उघडले, ते परक्या बाईने माझा हात धरल्याचं बघायलाच. पण उघडले, अक्का. मला एवढं बरं वाटलं की मी मनगट सोडवून घ्यायचंही विसरलो. (त्यावर घरी आल्यावर काय ऐकून घेतलं, तो वेगळा विषय.)

खिडकीशी पोचलो तेव्हा तारखा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या राहिल्या होत्या. कारकुनाने एकच प्रश्न विचारला, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि तारीख मिळाली. पुढच्या महिन्याचा पहिला मंगळवार. बाईंनाही मिळाली, त्याच आठवड्यातली. कंडक्टर मात्र स्वतःची जागा सोडून आमचीच शिस्त लावत राहिला, आणि खिडकी बंद झाली तेव्हा तो पाठमोरा होता. पुढच्या महिन्यात परत येणार म्हणाला. वाईट वाटलं.

बाकी सर्व क्षेम. चाळणीचं कळवायचं होतं, ते कळवलं.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. हे पत्र मी लिहिलं असं हिला सांगू नका. उगीच आठवण आली म्हणून आलात, असं म्हणा. ती विश्वास ठेवणार नाही, पण तिला बरं वाटेल.

ता. क. २. कारकुनाचा प्रश्न असा होता, की बायकांच्या वॉर्डात पुरुषाला रात्री राहू देत नाहीत, तर पेशंटजवळ बाई कोण राहणार? नाव सांगा, नाहीतर तारीख पुढच्याला. मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं. आदल्या दिवशी, सोमवारी या. डबे हवे तिथे ठेवा. साखर मी शोधेन, जन्मभर शोधेन.

ता. क. ३. चाळणी सापडलेली नाही. पत्र कुठून तरी सुरू करायला हवं होतं.