शेळीनं खाल्लेली डिगरी

धाकटी वाडी, जि. बीड
२ मार्च २०१७, गुरुवार

चि. शिवकन्या हिला भामाआत्याचा आशीर्वाद. हितं समदी बरी हायत. तूबी बरी आसशील.

वाडीची मतं म्या फोडली न्हाईत, हे आधीच सांगते. तू इचारलं न्हाईस. पर हितं आठ दिवस झालं, जो उठतो त्यो माझ्याच दारात यायलाय, आन् पाणी पिऊन झालं की म्हणायलाय, आत्या, आसं कसं केलंत हो? काय केलं? मी काय कुणाचा हात धराय गेलते का मशिनीपाशी? दोनशे बारा मतं वाडीची. सोसायटी सुंदररावची, दूध संस्था सुंदररावची, रोडवरची शाळा सुंदररावची, म्हून मतंबी सुंदररावचीच, आसं तीस साल चाललं. मेलेली आन् रुसलेली सोडली तर एक मत हिकडं-तिकडं न्हाई. ह्या झेडपीला त्याला वाडीतून एकूणपन्नास निघाली. बाकीची कुणी कुठं टाकली ती ज्याची त्याला म्हाईत.

तुझा बाप बरा हाय. गुडघा धरतो, पर मेंढरामागं जातो. बस म्हणलं तर बसत न्हाई. पाऊस मागं बरा झालता, हिरीला आजून पाणी हाय. औंदा टँकर न्हाई. आठ मेंढ्या व्याल्या.

तू फोन उचलीत न्हाईस. माझा न्हाई, बापाचाबी न्हाई. म्हून लिहायले. मी चौथी शिकलेली, काना-मात्रा चुकंल, तू पेपर तपासायला बसू नको.

धुळाजीच्या पोरानं सांगितलं, तू पुण्याला औषधाच्या कंपनीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटविती. बीएस्सी बीएड सांगितलं तर घेत न्हाईत, म्हून बारावीच सांगितली म्हणं. शिकलेलं लपवायचं, चोरी केल्यासारखं! मला आधी लई राग आला. मग म्हणलं, हितं तरी काय दिवे लागलेत. धुळाजीचं पोरगं एमए हाय, देवळाच्या कट्ट्यावर बसून लोकांचे फारम मोबाईलवर भरून देतं. रतनबाईची सून बीए. ती बीए लगनात सांगायला कामाला आली, मग चुलीपाशी. आन् तू गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या छावणीत जनावरं मोजायच्या वहीवर. लोक बैल घिऊन यायचे आन् म्हणायचे, बाई, माझा एक बैल जास्ती लिव्हा. मी लांबून बघायची. मला ते बरं वाटायचं न्हाई.

आसू दे. मतांचं सांगते.

मतदानाच्या आधी दोन दिवस सुंदरराव बिरोबाला येतो, ते तुला म्हाईत हाय. ताटात भंडारा ठिवायचा, वाडीतल्या थोरल्यानं मूठ उचलायची, वाडी तुमच्या मागं हाय म्हणायचं, आन् त्याच्या कपाळाला लावायचा. एकदा भंडारा उचलला की कुणी फुटत न्हाई. मत कुणाला दिलं ते माणसाला कळत न्हाई, बिरोबाला कळतं. आधी तुझा आजा उचलायचा. त्यो गेल्यावर तुझा बाप बिभीषण मागं सरला, म्हून मी उचलायला लागले. बाईमाणसानं का उचलायचा, म्हून दोघं-तिघं कुरकुरले. पुढच्या दुष्काळात टँकर माझ्या शब्दावर आला, मग गप झाले.

ह्या खेपंलाबी त्यो आला. संग बद्रीनाथ, त्याच्या शाळंतला कारकून. बिभीषण रानात हुता, बाकी समदी वाडी हुती. सुंदररावनं सुरू केलं, छावणी कुणी दिली, टँकर कुणी दिला. दर खेपंला त्येच. म्या म्हणलं, चहा थंड व्हायलाय, पिऊन घ्या. मग बद्रीनाथनं ताट माझ्याम्होरं धरलं.

म्या हात घातला न्हाई. म्हणलं, "आधी कागद."

"कसला कागद, आत्या?" सुंदरराव हसला.

"पोरीचा. शिवकन्या बिभीषण. मे महिन्यात दिलेला."

"आत्या, ही काय जागा हाय का ते काढायची? इलेक्शन झालं की देतो."

"दिवाळीनंतरबी हेच म्हणलावता. आधी कागद, मग भंडारा."

आता तुला कळलं आसंल. कळू दे, म्हून तर लिहायले.

तुझा डिगरीचा कागद म्या दिलता. तू म्हणलीवतीस, आत्या, सुंदररावच्या शाळंत नको, तिथं मागं मागं फिरावं लागतं, मी परीक्षा दिऊन बघते. तू छावणीत गेल्यावर म्या ट्रंक उघडली. सुंदरराव म्हणलावता, जूनला शाळंत एक जागा हाय, पोरगी घेऊ, पर कुणाला बोलू नका. बद्रीनाथनं झेरॉक्सच मागितली, खोटं कशाला बोलू. म्या म्हणलं, झेरॉक्स कशाला, खराच घे. झेरॉक्स तर कुणीबी दोन रुपयाला काढून आणतं. खरा कागद घरातून उचलून दिला म्हंजी इमान दिसतं, आसं मला वाटलं. मेंढरू इकायला आपण मेंढरूच नेतो, फोटू नेत न्हाई. बद्रीनाथ जरा थांबला, मग घेतला.

जून गेला. जागा पुढच्या साली म्हणला.

त्याच महिन्यात दूध संस्थेच्या पाटीवर माझं नाव आलं. श्रीमती भामाबाई, संचालक. पिवळ्या रंगात. त्याचा आन् कागदाचा संबंध न्हाई, आसं मी माझं मलाच सांगत आलेय.

मग दिवाळीनंतर तलाठ्याच्या परीक्षेत तुझं नाव लागलं. खरे कागद घिऊन सोमवारी बीडला या, आसं आलं. तू पेढे वाटलेस. म्या पेढा तोंडात टाकला आन् तशीच सुंदररावच्या घरी गेले. त्यो म्हणला, कपाटाची किल्ली पुतण्याकडं, पुतण्या मुंबईला. घाई काय हाय आत्या, तलाठी झाली तर परमुलखात टाकतील, हितं शाळंत डोळ्याम्होरं राहील. इलेक्शन होऊ द्या. म्हणायला पायजे हुतं, कपाट फोड, न्हाईतर मी हितनं उठत न्हाई. न्हाई म्हणले. चहा पेले आन् उठून आले. त्याच्या खिडकीतून दूध संस्थेची पाटी दिसती. ती बघत बसलते.

मग ती शेळीची गोष्ट झाली. ती राहू दे.

तू दुसरी प्रत काढायला औरंगाबादला विद्यापीठात गेलीस, त्यांनी पोलिसाचा दाखला मागितला. ठाण्यात हवालदारानं तुला इचारलं, शेळी कोणत्या रंगाची हुती, आन् समदी हसली. तू घरी यून सांगितलंस तवा मी भाकरी करायलते. मागं बघितलं न्हाई. सोमवार कवाच गेलता. मग तू पुण्याला गेलीस. जाताना बापाच्या पाया पडलीस, माझ्याबी पडलीस. मला त्येच लागलं.

तर देवळात. समदी बघायलेत म्हून सुंदररावनं बद्रीनाथला जीप दिऊन शाळंत पाठवलं. आर्ध्या तासानं त्यो आला. मला वाटलं हातात एक पाकीट आसंल. आणली सिमेंटची गोणी. एकटं सापडंना म्हून घाईत आख्खं कपाट भरून आणलं. ओट्यावर ओतली. पाकिटंच पाकिटं. एक-एक उचलून नाव वाचून बाजूला टाकायला लागला. धुळाजीच्या पोराची एमए. रतनबाईच्या सुनंची बीए. सटवाच्या दोन्ही पोरींची डीएड. मग खालच्या वाडीतली, मग रोडच्या पलीकडली.

सटवा म्हणला, "बे धुळ्या, तूबी?"

"मला म्हणलं, जागा एकच हाय, कुणाला बोलू नको," धुळाजी म्हणला.

"मलाबी एकच म्हणलं."

"तुझ्या तर दोन पोरी हायत की बे."

"म्हून तर दोन्हीचे दिले. कुणाची तरी लागंल."

कुणी हसलं न्हाई. मी तीन इलेक्शनं भंडारा उचलला. मला वाटायचं, सुंदररावचं माझ्याशीच तेवढं आतलं बोलणं हाय. धुळाजीलाबी तसंच वाटायचं. रतनबाईलाबी. समदे एकमेकांपासून लपवून त्याच माणसाच्या मागं.

सुंदररावनं ते ताडलं. हसून म्हणला, "आरं, सांभाळून ठिवलेत मी. तुमच्या घरात शेळ्या-मेंढ्या, ठिवता कुठं तुमी? बिभीषणच्या शेळीनं डिगरी खाल्लीच का न्हाई?" आन् हे माझ्याकडं बघून म्हणला. म्हंजी आता गप बस आन् उचल भंडारा.

तवाच बद्रीनाथनं वाचलं, शिवकन्या बिभीषण.

रतनबाईला कुठं काय बोलावं कळत न्हाई. ती मोठ्यानं म्हणली, "आं? मग शेळीनं काय खाल्लं?"

समदी वाडी माझ्याकडं बघायली. म्या पाकीट उचललं, पदराखाली घेतलं आन् घरी आले. एवढंच केलं. मागं ताट तसंच हुतं. दुसऱ्या कुणी उचललं का, म्हून सांजच्याला बघितलं, तर भंडारा तसाच, वाऱ्यानं निम्मा ओट्यावर उडालेला.

मतदानाला औंदा जीपी आल्या, त्यात कुणी बसलं न्हाई. जो त्यो आपापला चालत गेला, नवरा एका येळंला, बायको दुसऱ्या येळंला. धुळाजीच्या पोरानं कुण्या अपक्षाला दिलं, त्याचं डिपॉझिट गेलं. रतनबाईनं कुणाला दिलं ते नवऱ्याला सांगंना, म्हून त्यांच्यात दोन दिवस बोलणं न्हाई. मी कुणाला दिलं ते बिरोबाला म्हाईत. सुंदरराव निवडून आलाच. दर खेपंला चार हजारानं येतो, औंदा सहाशेनं आला. पाटीवरच्या माझ्या नावावर चुना मारलाय. खालून पिवळं आजून दिसतं.

माझ्या ध्यानात आलं ते एवढंच. पुण्यात तुझा कागद कुणी इचारीत न्हाई, बीडात तारीख गेली. त्याला किंमत हुती ती एकाच जागी, सुंदररावच्या कपाटात. एका कागदामागं आख्ख्या घराची मतं. हे त्याला कळत हुतं, आमाला न्हाई कळलं. तुमाला शाळा-कॉलेजात हे शिकवलं का न्हाई, मला म्हाईत न्हाई.

तुझा बाप हे घिऊन उद्याच्या एसटीनं पुण्याला यायलाय. कागद प्लास्टिकमधी गुंडाळून त्याच्या पोटाला बांधलाय. त्याला आधी जेवू घाल, मग सोड. पुढं कवा भरती निघाली तर लागंल. आन् आता ट्रंकेत ठिवू नको, तुझ्यापाशीच ठिव.

तुझा बाप देवळात नव्हता, पर वाडीत काय राहतं का? कुणीतरी त्याला सांगितलं आसंलच, की डिगरी शेळीनं खाल्ली नव्हती. सांजच्याला आला, मेंढरं कोंडली, जेवला. काय इचारलं न्हाई. म्याबी काय सांगितलं न्हाई.

पर शेळीनं खाल्लं ते खरं हाय. तुझी झेरॉक्स खाल्ली. तुला काय सांगायचं ते मला सुचंना. तू सकाळी ट्रंक उघडणार हुतीस. ट्रंकेत झेरॉक्स हुती, ती म्या शेळीम्होरं टाकली. तिनं हुंगली आन् मागं सरली. पुन्यांदा टाकली, पुन्यांदा न्हाई खाल्ली. आपण समज करून घेतो, शेळी काय बी खाती. न्हाई खात. मग मिठाच्या पाण्यात भिजवून दिली, तवा खाल्ली. कोपरा तेवढा म्या ओढून हातात ठिवला, तुला दाखवायला. तू रडलीस. बिभीषणनं तिला काठीनं मारलं, आन् शनिवारी दावं धरून बाजारात नेली, खाटकाला दिली. तिची आई मेल्यावर त्यानंच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलती. वाटंत शिव्या देत नेली म्हणं, आन् येताना नुसतं दावं परत आणून गोठ्यातल्या मेढीला बांधलं.

दावं आजून मेढीलाच हाय. त्यो काढीत न्हाई, मीबी काढीत न्हाई.

हे पत्र त्याच्याच हाती दिलंय. त्याला वाचता येत न्हाई. त्यो म्हणला वाचून दाखव, तर दाखवायचं का न्हाई ते तुझं तू बघ. म्या त्याला मिठाचं सांगितलं न्हाई, सांगणार न्हाई, आन् ह्याच्याम्होरं तुलाबी एक अक्षर लिहिणार न्हाई.

भामाआत्या