बडे बाबूंच्या बक्शातला भैय्याजींचा क्लॅरिओनेट

सेक्टर सात, भिलाई

तीर्थस्वरूप भैय्याजींस, धाकट्या प्रशांतचा इथूनच वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे पूर्ण वाकता येत नाही, उरलेला नमस्कार भेटीत करीन.) तुमचं ब्लडप्रेशर, वहिनींची कंबर आणि नागपूरचा कूलर ही तिन्ही बरी चालली असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे हिरा मजेत आहे आणि मी तिच्या हाताखाली आहे.

गेल्या दिवाळीत तुम्ही आला होतात तेव्हा मी मोठ्या हौसेनं ‘बड़े बाबू का बक्सा’ या मालिकेची डीव्हीडी लावली होती. तरुणपणी मुंबईला जाऊन तुम्ही जिच्यात क्लॅरिओनेट वाजवलात ती मालिका, आणि ऐकू काय आलं, तर कुणाचा तरी कीबोर्ड! डीव्हीडीवाल्यांना म्हणे जुन्या संगीताचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी सगळं संगीत पुसून नवं भरलं. तुम्ही चिडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, ‘म्हंजे मी वाजवलंच नाही म्हना,’ आणि घरी जाऊन वाद्य कपाटावर टाकून दिलंत. वहिनींनी फोनवर हे सांगितल्यापासून मला चैन नव्हतं. हिराला मात्र राग आला, आणि हिराला राग आला की कामं होतात.

तुम्हाला आठवत असेल, मालिका लागली की बाबा टीव्हीसमोर स्टुलावर टू-इन-वन ठेवून तुमचं संगीत टेप करायचे. (स्टुलाखाली उशी, कारण मालगाडी गेली की स्टूल हलायचं.) त्या कॅसेटी हिरानं माळ्यावरून काढल्या. टू-इन-वनही निघाला, पण त्याचा रबरी पट्टा ढिला होऊन पार लोंबत होता. सुपेल्याच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं यंत्र पाहून कीव येऊन मलाच चहा पाजला. शेवटी हथखोजच्या कारखान्यांत केवलराम आहेत, माझ्याबरोबर प्लांटमध्ये होते, आता मशीनचे रबरी वायसर बनवतात. त्यांनी एक पट्टा कापून दिला. तो इतका घट्ट निघाला की टेप सुसाट पळू लागली आणि तुमचा क्लॅरिओनेट सनईसारखा वाजू लागला. मला तर तेच छान वाटलं. हिरा म्हणाली, ‘कावून? भाऊजी काय वरातीत वाजवून राहिले होते का?’

मग तिनं सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. प्लांटच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, ही ध्वनीची धुलाई शिकली. कीबोर्ड काढायचा, तिथे कॅसेटवरचं संगीत बसवायचं, आणि चित्राशी जुळवायचं. सुरुवातीला बडे बाबू आधी बोलायचे आणि तोंड सावकाश उघडायचे, आपले दौलतमामा बोलतात तसे. पण खरी पंचाईत वेगाची होती. मूळ चाल किती संथ होती हे आता सांगणार कोण? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही फोनच ठेवला असता.

भैय्याजी, ती अडचण आईनं सोडवली. बाबा टेप करत असताना घरात कुणी आवाज करू नये म्हणून आई सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची, हे आम्ही विसरलोच होतो. टेपवर बरोबर तुमच्या पहिल्या लांब सुरावर ती आहे: ‘गप बसा रे! भैय्या वाजवून राहिला ना!’ हिरानं ते ऐकलं आणि म्हणाली, ‘सासूबाईंच्या ओरडन्याचा आवाज माह्यापेक्षा जास्त कोनाले माहीत? अजून बारीक आहे. हळू करा.’ हळू केलं. ‘अजून.’ असं करता करता एकदम आई खोलीत आली. हिरानं डोळ्यांना पदर लावला, मीही रडलो, आणि तुमचा क्लॅरिओनेट आपोआप आपल्या जागी येऊन बसला होता. काय वाजवलंय तुम्ही! इतकी वर्षं मी भाऊ म्हणून कौतुक करायचो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकणारा म्हणून केलं.

बाबांचा खोकला आणि कुकरच्या शिट्ट्या हिरानं निपटून काढल्या. आईला काढायला गेलं की तुमचा सूरही निघतो, म्हणून आई राहिली. (काढता आली असती तरी हिरानं काढली नसती.) डीव्हीडी सोबत पाठवतोय. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
प्रशांत

ता. क. शेवटच्या भागात बडे बाबू बक्सा बंद करून स्टेशनाकडे चालू लागतात, तिथे तुमचं एकट्याचं वादन होतं. नेमकी तिथेच कॅसेट संपली आहे. कीबोर्ड पुन्हा घालू म्हटलं तर हिरा माझ्याकडे अशी बघते, जणू मीच तो वाजवला होता. तिनं तेवढी जागा रिकामी ठेवली आहे. बडे बाबू मुक्यानं चालत जातात. भैय्याजी, हे पाहवत नाही. येऊन तेवढं वाजवून द्या.

आणखी एक. वाद्याच्या तोंडाशी असते ती फुंकायची पत्ती वाळून तडकली आहे ही सबब वहिनींनी आधीच कळवली आहे. हिरानं कोलकात्याहून नवी पत्ती मागवली. पोस्टानं पाठवून देऊ का म्हटलं, तर म्हणाली, पत्ती भिलाईतच राहील.