सहानुभूतीपूर्वक विचार

४ फेब्रुवारी

पुन्हा रक्त! ऑफिसातच, टाइप करता करता. तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. गर्भाची वार खाली सरकलेली आहे म्हणे. "जिने बंद. तासन् तास बसणंही बंद. आडवं पडायचं. गेल्या वेळचं विसरलात का?"

विसरेन कशी! तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. आता चौथा लागलाय, म्हणून जीव जास्तच टांगणीला.

त्यांनी चिठ्ठी दिली — बाळंतपणापर्यंत घरून काम. कारखाना बाटल्यांचा असला तरी आठ वर्षांत मी एक बाटली उचललेली नाही. आस्थापना विभागात साहेबांची पत्रं लिहिते, बस्स. पत्र काय, अंथरुणातही लिहिता येतं.

५ फेब्रुवारी

अर्ज दिला. साहेब गोड हसले. "तुमचं नाही करायचं तर कुणाचं?" नवरा म्हणतो, झालंच समज. त्याने साहेबांचं हसू पाहिलेलं नाही.

९ फेब्रुवारी

उत्तर नाही. बावन्न पायऱ्या. लिफ्ट आहे, पण मालासाठी — 'माणसांनी वापरू नये'. पाटी मीच टाइप केलेली! खोकी आरामात वर जातात आणि मी प्रत्येक वळणावर कठडा धरून उभी.

११ फेब्रुवारी

आलं उत्तर.

"आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि, पॅकिंग विभागातील आपल्या कामाचे स्वरूप पाहता..."

पॅकिंग? मी?

मग लक्षात आलं. हे माझंच पत्र! तीन वर्षांपूर्वी पॅकिंगमधल्या एका बाईला मीच लिहिलेलं. सहावा महिना होता तिला, उभं राहून पाय सुजायचे, बसून करायचं काम मागत होती. साहेबांनी जुन्या फायलीतून तेच उतरवून घेतलं, विभाग बदलायचं विसरले. तेव्हा काय खूश झाले होते — "वा, नकार आहे पण टोचत नाही!"

टोचतो हो. चांगलाच टोचतो. करावं तसं भरावं, दुसरं काय! त्या बाईचं पुढे काय झालं, मी कधी विचारलंसुद्धा नाही.

१३ फेब्रुवारी

आज पुन्हा थोडं रक्त. रडले, मग रडण्याचाच राग आला.

नियमपुस्तिकेतलं कलम एकतीस मला पाठ आहे. अवघड गरोदरपणात डॉक्टरांनी लिहून दिलं तर हलकं काम किंवा घरून काम 'द्यावे लागेल'. 'देता येईल' नव्हे! पॅकिंगवालीच्या वेळी मी हे साहेबांना दाखवलं होतं. म्हणाले, "तिने कलम विचारलंय का? मग आपण होऊन कशाला सांगायचं?" मी पुस्तिका मिटली आणि 'तथापि' लिहिलं. कुणी बंदूक लावली नव्हती.

१६ फेब्रुवारी

पुस्तिका साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. म्हटलं, नाहीतर कामगार अधिकाऱ्यांकडे जाते. चेहरा पाहण्यासारखा झाला! लगेच खुर्ची काय, पाणी काय.

"करा घरून. पण हे आपल्या दोघांतच हं. उद्या सगळ्याच मागायला लागल्या तर कारखान्याला टाळं लावू का? आणि एक एक महिन्याने बघत जाऊ."

"लेखी द्याल?"

"एवढाही विश्वास नाही का?"

नाही! पण पुस्तिका मिटून उचलली. लेखी न घेताच घरी आले. मी, जिने आठ वर्षं सगळं लेखी केलं!

२० फेब्रुवारी

पडून आहे. रक्त थांबलं. नवऱ्याने उशांचा डोंगर रचलाय, चहासुद्धा हातात आणून देतो. कडू असतो, पण देतो. "जिंकलीस बघ!" म्हणाला. मी कडू चहा संपवला.

३ मार्च

पाचवा लागला. लागला!

१० मार्च

तपासणी. वार अजून खालीच. "ऑफिसचा विचारसुद्धा मनात आणू नका," डॉक्टरीणबाई. आणते हो. दिवस मोजतेय — सोळाला महिना भरतो.

१४ मार्च

सकाळी साहेबांचा फोन. पॅकिंगमधल्या एकीचा अर्ज आलाय. चौथा महिना, रक्त जातंय, बसून करायचं काम हवंय. डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीय, कलमाचा उल्लेख नाही. "आपलं नेहमीचं पत्र द्या लिहून. दुपारपर्यंत पाठवा. आणि हो, तुमचा महिना भरतोय ना? ते पत्र आलं की तुमचंही बघतो."

नकार लिहिला. अकरालाच पाठवला.

नवऱ्याने विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, मळमळतंय.