जोडलेल्या हातांची नोंद दुरुस्त करणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
धनवृंद कॅपिटल, शिवाजीनगर, पुणे.

अर्जदार : सौ. प्रेमला धोंडिबा पायगुडे, सध्या रा. कर्वेनगर (भाड्याने).

विषय : जास्त जोखमीच्या योजनेसाठी मला अपात्र ठरवून रक्कम परत मिळणेबाबत.
संदर्भ : १) माझे आधीचे तीन अर्ज. २) सुनावणी, दि. ३ नोव्हेंबर २०२५. ३) आपले नामंजुरीचे पत्र, दि. ७ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

सविनय सादर करते की, आमचे गाव महापालिकेत आले आणि राहते घर रस्त्यात गेले. त्याचे बेचाळीस लाख मिळाले. दोन खोल्यांचे घर मिळेपर्यंत पैसे मुदत ठेवीत ठेवावेत, असे मी आपले प्रतिनिधी श्री. राकेश यांना सांगितले होते. ते म्हणाले, "काकू, ठेवच समजा." फॉर्म मात्र जोखमीच्या योजनेचा निघाला. त्यावरची सही माझी आहे, ती मी नाकारत नाही. न वाचता केली, हा दोष माझा.

२. सही झाल्यावर खात्रीसाठी दि. १० फेब्रुवारीला आपल्या कार्यालयातून व्हिडिओ कॉल आला. तो सोमवार होता. यजमान काविळीतून उठले तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षे, मी सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन पाळते. हो-नाहीच्या खुणासुद्धा करत नाही. मॅडमनी विचारले, "सात वर्षे पैसे मिळणार नाहीत, बुडूही शकतात, मान्य ना?" मी हात जोडले. आज बोलता येत नाही, क्षमा असावी, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे नोंद झाली : 'ग्राहकाने हात जोडून संमती दिली.' मंगळवारी मी फोन केला, तर खरेदी झाली होती. आता बेचाळीसचे सतरा लाख उरल्याचे कळते.

३. नियमाप्रमाणे ठरावीक रकमेपेक्षा जास्त मालमत्ता असणाऱ्यास जोखीम समजते असे धरतात, असे आपण कळवले. आमची अकरा गुंठे जमीन उरली आहे, तिच्यावर बागेचे आरक्षण आहे. ती विकता येत नाही, तिथे गोठासुद्धा बांधता येत नाही. पण कागदावर तिची किंमत कोटीत आहे, म्हणून मी जाणकार. अहो, मी जाणकार असते तर हा अर्ज कशाला केला असता? अपात्रतेचा दाखला तलाठी कार्यालयात मागितला. तिथले भाऊसाहेब म्हणाले, "लोक पात्रतेचा मागतात बाई, तुमचं काय उलटंच?"

४. सुनावणी दुसऱ्या वारी ठेवावी, अशी तीनदा विनंती केली. सुनावण्या सोमवारीच होतात, असे उत्तर आले. तेव्हा यजमान म्हणाले, "बोल तू. देव काय कंपनीवाला हाय का, कागद बघायला?" म्हणून दि. ३ नोव्हेंबरला सकाळी देवापुढे क्षमा मागून मी मौन मोडले. व्हिडिओवर सुमारे दहा मिनिटे बोलले. घराचे सांगितले, हातांचे सांगितले, जानेवारीत ही भाड्याची जागा सोडायची आहे तेही सांगितले. शेवटी सवयीने हात जोडले.

५. दि. ७ च्या पत्रात आपण लिहिता : 'अर्जदाराचा आवाज कार्यालयाकडून बंद ठेवण्यात आला होता. सुनावणीत अर्जदार काहीही बोलल्या नाहीत. अखेरीस हात जोडून निर्णय मान्य केला. प्रकरण बंद.'

६. प्रकरण पुन्हा उघडत नाही, हे पत्राखाली छापलेलेच आहे. तरी रक्कम परत मिळावी, अशी विनंती रिवाजाप्रमाणे करते. मिळेल असे वाटत नाही. यजमानांनी जागा शोधणे थांबवले आहे. मात्र दुसरी एक विनंती आहे, तिला आपला एक रुपयाही लागणार नाही. त्या सोमवारी मी बोलले होते. एकोणीस वर्षांचे मौन मोडून बोलले होते. ते कोणी ऐकले नाही हे खरे, पण 'अर्जदार बोलल्या' एवढे दोन शब्द नोंदीत घालावेत.

आपण फोन करणार असाल तर कोणत्याही दिवशी करावा. आता सोमवारही चालेल.

आपली नम्र,
प्रेमला धोंडिबा पायगुडे
पुणे, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) नामंजुरीचे पत्र. २) सातबारा उतारा, आरक्षणाच्या शेऱ्यासह. ३) घरमालकांची जागा सोडण्याची नोटीस.