चंद्रीच्या पाठीवर

कोल्हापूर,
१८ ऑगस्ट २०२४

चि. सम्राट यास,
स्नेहलताईचे अ. उ. आ.

फोनवर तुझा आवाज तुटतो आणि माझा रडण्यात जातो, म्हणून लिहून त्याचा फोटो पाठवते. रेंज आली की उघडेल.

आबांचा न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलाय. श्वासाचं मशीन लावलंय, झोपेचं औषध चालू आहे. आज डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि म्हणाले, आता खरी काळजी उजव्या बाजूची. तीच बाजू फुप्फुसांत रक्त ढकलते. फुप्फुसं घट्ट झाल्यानं ती ढकलून ढकलून फुगलीय. मशीनचा जोर वाढवावा, तर तिच्यावरच ताण येतो. काल आबांना पालथं झोपवलं, तेव्हा तिला जरा उसंत मिळाली.

पण आईनं ते काचेतून बघितलं आणि दवाखाना डोक्यावर घेतला. जित्या माणसाला असं तोंड खाली करून टाकतात व्हय, म्हणाली. नंतर सुजलेलं तोंड बघून तर शपथच घातली. उद्या पुन्हा पालथं करायचंय आणि ती कागदावर अंगठा उठवायला तयार नाही. माझ्या शिकण्याला ती भीक घालत नाही. तुझं गोव्याचं हॉटेल, मग बोअरची गाडी, आता लडाखात डंपर. तू कुठं टिकत नाहीस, तरी ऐकते ती तुझंच. लिही काहीतरी, लवकर.

तुझीच,
ताई


कारगिलच्या पुढं,
१९ ऑगस्ट

ती. आईस,
सम्राटचा शि. सा. न. वि. वि.

ताई वाचून दाखवंल तवा मधी बोलू नको, शेवटपर्यंत ऐक. दरड पडून रस्ता बंद हाय, न्हायतर मी कवाच निघालो असतो. सातवीनंतर पेन धरला न्हाय, ताईला म्हणावं अक्षराला हसू नको.

हितं चार पावलं पळलं तरी धाप लागती. काल डंपरच्या टायराला टेकून दम खात बसलो आन कुंभीला पाणी आलतं त्यो दिस आठवला. मी सहा-सात वर्षांचा आसंन. आबांच्या मागं म्हसरं घिऊन पल्याड गेलतो, आन येताना नदी चढली. आबांनी मला उचलला आन चंद्री म्हशीच्या पाठीवर टाकला. बसवला न्हाय, पालथा टाकला. कान तिच्या पाठीला, हात दोन्हीकडनं पोटाला. आबा म्हणालं, डोळं मिट, वर बघायचं न्हाय, निस्ता तिचा श्वास ऐकायचा.

पाणी पायाला लागत हुतं, थंडगार. पर कानाखाली चंद्रीचा श्वास लोहाराच्या भात्यागत चाललेला, आत-भाईर, आत-भाईर. तिच्या अंगाला आपल्या गोठ्याचाच वास. मला जरा पण भ्या वाटलं न्हाय. काठाला लागलो तवा मी झोपलेलो. तू मला उचलून घेतलंस आन आबांस्नी शिव्या घातल्यास, आठवतंय का? मग चुलीपुढं बसवून दूध पाजलंस. त्यात राख पडलेली, तरी तसलं दूध पुन्हा कुठं मिळालं न्हाय बघ.

पालथं पडणं म्हंजे मरणं न्हवं गं. पाण्यातनं न्यायची ती रीत हाय. आबा आत्ता पाण्यात हायत. काळजाच्या उजव्या अंगाला वजं झेपंना झालंय, म्हणून नर्सबाई त्यांस्नी चंद्रीच्या पाठीवर टाकाय लागल्यात. टाकू दे. तोंडाची सूज काय, उतरंल. तू काचंपाशी हुभी राहून जीव जाळू नको. आत सोडलं तर त्यांच्या कानाशी बस आन हे पत्र ताईला वाचाय लाव.

चंद्रीची नात शेजारच्या शालूबाईला धार काढू देती का लाथा घालती, ते कळव. आन अंगठा उठीव. माझ्यावरचा राग मी आल्यावर काढ.

तुझा,
सम्राट


कोल्हापूर,
१२ सप्टेंबर

चि. सम्राट यास,
अ. उ. आ.

त्या दिवशी पत्र ऐकून आईनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग अंगठा उठवला आणि नर्सला बजावलं, की त्यांचे हात लोंबकळू देऊ नका, म्हशीला धरल्यागत ठेवा. नर्सला काही कळलं नाही, पण तिनं ठेवले. मग रोज पालथं करायचे, आणि आत सोडलं की मी कानाशी तुझं पत्र वाचायची. हृदयाच्या उजव्या बाजूची फुगवट हळूहळू ओसरली. मशीन निघालं. नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, चढाची वाट इतक्यात नको म्हणालेत. शालूबाईनं दोन लाथा खाल्ल्या, आता जमतंय.

आज आबा शुद्धीत, उशाला टेकून बसलेले असताना पत्र पुन्हा वाचलं. हसले, खोकले, मग दम घेत घेत बोलले. त्यांचे शब्द आहेत तसे लिहिते.

“मला पवाय येत न्हवतं. चंद्रीचं शेपूट धरून मी मागनं येत हुतो, आन भ्यानं रडत हुतो. पोरानं माझं तोंड बघू नये म्हणून त्याला पालथा टाकला.”

आई पदर तोंडाला लावून बसून राहिली. इतक्या वर्षांत तिलाही हे ठाऊक नव्हतं. तिच्याकडं बघून आबांचे डोळे भरले, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. मला म्हणाले, रस्ता उघडला की ये म्हणून लिही. आता त्यानं बघितलं तरी चालंल.

वाट बघत आहोत, तिघंही.

तुझी,
ताई