फेअर केलेला अभिप्राय

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोजनिशी नियमित. जानेवारीतली चार पानं धरायची नाहीत, ती ट्रायल होती.

कारण तसंच आहे. पुण्याच्या एका न्यासाने आमच्या शाळेला पाच नव्या किशोर कादंबऱ्यांचे सेट पाठवलेत. मुलांनी वाचायच्या आणि आपलं मत लिहायचं. निवडक मतांची पुस्तिका निघणार. बालदिनाला पोलादपूरला प्रकाशन, आणि ज्यांची मतं छापून येतील ती मुलं स्टेजवर ती स्वतः वाचणार. समन्वयक मी. मराठीचा शिक्षक आणि शिवाय लेखक असा डबल रोल महाडात दुसऱ्या कोणाकडे नाही.

पत्रात एक ओळ आहे : स्थानिक लेखकाचं एखादं पुस्तक सामील करायला हरकत नाही. तालुक्यात किशोर कादंबरीचा लेखक कोण, याचा निःपक्षपातीपणे विचार केला. साधारण दोन मिनिटं. माझ्या 'सावित्रीकाठचे सहा साहसवीर'च्या बऱ्याच प्रती दिवाणात आहेत. चाळीस उद्या शाळेत नेतो.

पत्रातली मुख्य अट : मोठ्यांनी मुलांच्या लिखाणाला हात लावू नये. असं सांगावं लागतं याचंच वाईट वाटलं.

५ ऑगस्ट

दिवाण उघडताना अनुपमाने विचारलं, अखेर रद्दीत का? बायकोला विनोदबुद्धी आहे. तिने सहज एक प्रत उचलून प्रस्तावना वाचली. 'हा महापूर मी स्वतः अनुभवला आहे.' मग म्हणाली, एकवीसच्या पुरात आपण कोथरूडला माझ्या आईकडे होतो ना? नऊ दिवसांनी आलो.

अनुभवणं ही मानसिक क्रिया आहे, हे तिला समजावलं. मी ते नऊ दिवस टीव्हीसमोरून उठलो नव्हतो.

७ ऑगस्ट

घरातल्या तरुण वाचकापासून सुरुवात करावी म्हणून लेकीला, वल्लरीला, पुस्तक दिलं. अकरावीत आहे. रात्रंदिवस मोबाइलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते, त्यात सगळ्या नायिकांना पंख असतात. तिने दीड पान वाचलं आणि क्रिंज आहे म्हणाली. अर्थ विचारला नाही. स्टाफरूममध्ये गूगल केला. पिढीचा फरक.

११ ऑगस्ट, सोमवार

आठवीच्या वर्गात उपक्रमाची ओळख. फळ्यावर एक अक्षर लिहिणार नाही, असा निश्चय करून गेलो होतो. पण मुलं माझ्याकडे बघत बसली. मत म्हणजे नक्की काय लिहायचं, सर? शेवटी फक्त मुद्दे लिहिले : पात्रे, आवडलेला प्रसंग, भाषा, बोध. मुद्दे म्हणजे काही हात लावणं नव्हे.

१८ ऑगस्ट, सोमवार

मतं आली. सोळा जणांनी 'बोध' या मुद्द्यापुढे 'आहे' एवढंच लिहिलंय. तरी काही वाचण्यासारखी. टिपून ठेवतो :

मोबाइलच्या व्यसनावरची कादंबरी : मोबाइल वाईट असतो हे सांगायला एकशे चाळीस पानं कशाला, आई एका वाक्यात सांगते.

होस्टेलमधल्या भुताची : भूत शेवटी वॉचमन निघतो. प्रत्येक पुस्तकात वॉचमनच निघतो. एकदा तरी खरं भूत पाहिजे.

आईबाबा वेगळे राहतात त्या मुलीची : मी रडलो पण कोणाला सांगू नये.

आणि एकाने सगळ्याच पुस्तकांबद्दल : यातली मुलं एकमेकांना 'अरे मित्रा' म्हणतात. आम्ही तसं म्हटलं तर मार पडेल.

ताजी पिढी आहे. आता माझ्या पुस्तकावरची मतं. ती निवांत वाचायला घरी आणलीत.

१९ ऑगस्ट, सायंकाळी ६

माझ्या पुस्तकावर एकच मत आहे. बाकीच्यांनी पुस्तक घरी नेलं, यापुढे माहिती मिळत नाही.

प्रियदर्शिनीचं. तुडीलहून एसटीने येते, मागून दुसऱ्या बाकावर. फारशी बोलत नाही. तिने वहीची तीन पानं भरलीत, पाठपोट. पूर्ण पुस्तक वाचलेली ती माझी पहिली वाचक असावी. चहा घेऊन मग वाचतो.

सायंकाळी ७

वाचलं.

सहा साहसवीरांपैकी पाच मुलगे, सहावी मिनू. पाचजण खजिन्याच्या गुहेत जातात आणि मिनू बाहेर पहारा देते. प्रियदर्शिनी विचारते, कसला पहारा? तिच्या हातात डबा आहे, साधी शिट्टीसुद्धा कोणी दिलेली नाही. आत जायचं का, हे तिला कोणी विचारलं पण नाही.

मग पूर. पान ७१ वर येतो, ७२ वर ओसरतो, ७३ वर सगळे क्रिकेट खेळतात. तिने पान नंबर घातलेत. पुढे लिहिते, की आमच्या घरात पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल होता. मी चौथीत होते. माझी पुस्तकं फुगली. आईने उलथण्याने एकेक पान सोडवून पत्र्यावर सुकवलं. गोष्टीच्या पुस्तकाची शेवटची पानं गेली, म्हणून तिचा शेवट मी रोज वेगळा करून भावाला सांगायचे. चिखलाचा वास दिवाळीपर्यंत गेला नव्हता. लेखकांनी पूर पाहिला नसावा. पाहिला असता तर वास लिहिला असता.

शेवटी : लेखकांना विनंती आहे की परत लिहा. मी परत वाचेन.

मुलीची समज कमी आहे असं म्हणणार होतो. ऱ्हस्वदीर्घाच्या तेवीस चुका आहेत, एवढं मात्र नक्की.

२१ ऑगस्ट

बाहेर पाठवायचं साहित्य फेअर करून पाठवतात. शिक्षकी पेशातली जुनी रीत आहे. निबंध स्पर्धा असो की वक्तृत्व, मुलांचं कच्चं लिखाण तसंच कोणी पाठवत नाही, शाळेची अब्रू जाते. तेव्हा प्रियदर्शिनीचं फेअर करायला घेतलं. बाकीच्यांचं करत बसायला वेळ नाही.

फक्त ऱ्हस्वदीर्घ.

२२ ऑगस्ट

'पाहिला नसावा' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण सूर बरोबर नाही. काढलं.

२४ ऑगस्ट, रविवार

ते वाक्य काढल्यावर चिखल लटकायला लागला. म्हणून चिखल काढला. चिखलाशिवाय उलथण्याला अर्थ राहत नव्हता. मिनूचा परिच्छेद लांबत होता.

फेअर प्रत आता चार ओळींची : 'ही कादंबरी वाचून मी भारावून गेले. पुराचे वर्णन अंगावर शहारे आणते. मिनूचे पात्र मुलींना प्रेरणा देते. अशी पुस्तके प्रत्येक घरात असावीत.' खाली तिचं नाव. अक्षर जरा गोल काढलं.

मूळ तीन पानं कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली. फाडली नाहीत. म्हणजे माझ्या मनात वाईट नव्हतं, याची इथे नोंद असावी.

२५ ऑगस्ट

सगळी मतं पोस्टाने रवाना. परत येताना प्रियदर्शिनी कॉरिडॉरमध्ये भेटली. विचारत होती, सर, माझं गेलं काय? म्हटलं, गेलं. ती एवढी हसली की मला स्टाफरूममध्ये जाऊन पाणी प्यावं लागलं.

सांगून टाकायचं. गणपती झाले की लगेच.

८ सप्टेंबर

गणपती झाले. पण आता घटक चाचणी आहे. मुलीचं लक्ष विचलित करणं बरोबर नाही.

१९ सप्टेंबर

चाचणी संपली. आज सांगणारच होतो. तीच आधी बोलली. घरी आईला तीन पानं वाचून दाखवायची प्रॅक्टिस करते म्हणे, कच्च्या वहीत तिच्याकडे आहेत. आई म्हणते, चिखलाचं जरा मोठ्यानं वाच गो, मागच्यांना ऐकू येल असं. सर, पोलादपूरच्या हॉलात माईक असतो ना?

असतो म्हटलं.

फार लाज वाटली. रात्री जेवण गेलं नाही. अनुपमाने कारण विचारलं, अॅसिडिटी सांगितली. तिने दोन दिवस पथ्याची खिचडी दिली, ती निमूट खाल्ली.

१२ ऑक्टोबर, रविवार

उपाय सापडला. मूळ पानं न्यासाला कुरिअरने पाठवायची आणि 'चुकून राहिली' असं लिहायचं. कुणाचीच अडचण नाही. पत्राचा मसुदा केला. 'चुकून' या शब्दापाशी दोनदा अडलो. दिवाळीनंतर पाठवतो, सध्या कुरिअरवाल्यांना गर्दी असते.

५ नोव्हेंबर

कुरिअरवाल्यांची गर्दी ओसरली. पण पुस्तिका छापून झाल्याचा न्यासाचा फोन आला. नावं फोनवर सांगत नाहीत. माझी चार ओळींची प्रत छापली असेल तर ती पोर स्टेजवर काय वाचणार? आणि तिला कळल्यावर काय वाटणार? हा प्रश्न ऑगस्टमध्ये का पडला नाही, ते कळत नाही.

निश्चय : न्यासाच्या निशाताई चौदाला वीर स्टेशनवर उतरतायत. त्यांना आणायला मीच जातो. रिक्षात सगळं सांगायचं. मूळ पानं खिशात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११

पोलादपूरच्या हॉलच्या पायरीवर बसून लिहितोय.

वीरला गाडी चाळीस मिनिटं लेट. तोपर्यंत पाठ केलं : ताई, माझ्याकडून एक चूक झाली. रिक्षा सुरू झाली तशी निशाताई बोलायला लागल्या. महाडच्या मुलांनी कमाल केली म्हणाल्या. भुताचा मुलगा, मित्रावाला मुलगा, रडलेला मुलगा, सगळे घेतलेत. अकरा मुलं एका शाळेची, कुठेच नाहीत एवढी. फक्त एका मुलीचं बाजूला ठेवावं लागलं. भारावून गेले, शहारे आणते, असं तेरा वर्षांची मुलगी लिहीत नाही. कुणीतरी मोठ्याने लिहून दिलंय. मुलीचा राग नाही, पण अशा मोठ्यांची कीव येते, नाही का?

मी म्हणालो, हो ना, काय एकेक लोक असतात.

मग पोलादपूरपर्यंत रस्त्याच्या कामाबद्दल बोललो. पानं खिशातच आहेत.

सायंकाळी ५

अकरा मुलांनी वाचलं. भुताच्या मुलाला टाळ्या मिळाल्या.

प्रियदर्शिनी तिसऱ्या रांगेत, नवीन रिबिनी लावून. शेजारी तिची आई गीताबाई, कामावर खाडा करून आलेली. पुस्तिका वाटल्यावर मुलीने पुढून मागे चाळली, मग मागून पुढे. आई म्हणत होती, नीट बघ गो, खालच्या बाजूला बारीक अक्षरात असंल. आख्ख्या वर्गात तिने एकटीने सगळं आपल्या मनाचं लिहिलं होतं, फळ्यावरच्या मुद्द्यांकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं म्हणून नाव गळलं ते तिचं एकटीचं.

जाताना गीताबाई माझ्याजवळ आल्या. सर, तुमी एवढी मेहनत घेतलीत पोरांवर. पोरीचं नाव पुढच्या पुस्तकात येल काय? मी हो म्हटलं. त्यांनी हात जोडले. मला वाटलं होतं जमीन दुभंगेल, पण पोलादपूरची जमीन कातळाची आहे.

१५ नोव्हेंबर

अनुपमाला सगळं सांगितलं. अगदी इस्त्रीच्या कपड्यांसकट. तिने पानं मागून घेतली आणि खिडकीशी उभी राहून वाचली. मग वल्लरीला दिली. वल्लरीने तिन्ही पानं पाठपोट वाचली, एकदाही मोबाइल न बघता. म्हणाली, बाबा, ही भारी लिहिते. हिचं अजून काही आहे का?

अनुपमा म्हणाली, मला काय सांगतोस. तिला जाऊन सांग.

१६ नोव्हेंबर, रविवार

सोमवारी सांगणार. यात 'पण' नाही. तिची माफी मागणार, मग निशाताईंना फोन, माझं नाव घेऊन. मूळ पानं पुढच्या पुस्तिकेसाठी. वाक्य लिहून काढलं : प्रियदर्शिनी, तुझं मत मी बदललं, कारण ते खरं होतं. आरशासमोर चार वेळा म्हटलं. जमतंय. खूप दिवसांनी हलकं वाटतंय. पुस्तक नव्याने लिहायलाही घ्यावं, चिखलापासून सुरुवात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत पावणेसातला पोचलो. ती माझ्या आधी आली होती, स्टाफरूमच्या दाराशी.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, सर, माझं का नाय घेतलं ते मला समजलं. मी तुमच्या पुस्तकाला नावं ठेवली. आई पण बोलली, सरांच्या पुस्तकाला असं लिवतात काय गो. म्हणून काल बसून दुसरं लिहिलं.

एक पान दिलं. सुंदर अक्षरात. 'ही कादंबरी मला खूप आवडली. पूर अगदी खरा वाटतो. मिनू बाहेर पहारा देते ते बरोबर आहे, कारण कोणीतरी बाहेर राहायलाच पाहिजे.' असं शेवटपर्यंत.

विचारलं, आता बरोबर हाय ना, सर?

माझं वाक्य तयार होतं. खिशात लिहिलेलंही होतं.

म्हणालो, छान लिहिलंयस.