छातीतला व्हॉल्व्ह आणि दारातला खड्डा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग.

विषय : अर्जदाराच्या छातीतील व्हॉल्व्ह बदलण्यासाठी रजा मिळणे व तत्पूर्वी दारातील खड्डा बुजवून मिळणेबाबत.

संदर्भ : १. अर्जदाराचा रजेचा अर्ज.
२. त्यावर दुरुस्ती शाखेचा शेरा : 'गळती आढळली नाही. तक्रार निकाली.'

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार आपल्या विभागात व्हॉल्व्हमन आहे. गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह पिळण्यात त्याचा जन्म गेला आणि आता नेमका त्याचाच व्हॉल्व्ह कामातून गेला, याला काय म्हणावे! डॉक्टरांचे म्हणणे असे की, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचे मूळ फुगले आहे आणि तेथील झडप नीट मिटत नाही. छाती उघडून दोन्ही बदलावे लागतील. मूळ फुटले, तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळणार नाही.

२. अर्जदाराने रजेचा अर्ज आपल्या विभागाला समजेल अशा भाषेत लिहिला, इथेच घोडे पेंड खाते. 'मुख्य वाहिनी सुरुवातीलाच फुगली असून व्हॉल्व्ह गळतो, तातडीने बदलणे आवश्यक', असे त्यात होते. पत्नीने तेव्हाच बजावले होते की, अहो, सरळ काळीज लिहा, हापिसातल्यांना तेवढं तरी कळेल. पण ऐकतो कोण! आवक शाखेने तो अर्ज गळतीची तक्रार समजून दुरुस्ती शाखेकडे धाडला.

३. दुरुस्ती शाखेने, अर्जदाराच्या अख्ख्या नोकरीत प्रथमच, दुसऱ्याच दिवशी काम हाती घेतले. टोळी आली तेव्हा अर्जदार तपासणीसाठी दवाखान्यात होता. दारापासून रस्त्यापर्यंत पुरुषभर खोल खड्डा खणण्यात आला. पत्नी घसा फोडून सांगत होती की, गळती जमिनीत नाही, ह्यांच्या छातीत आहे. त्यावर, वहिनी, आमच्या कागदावर पत्ता हाच आहे, असे मुकादमांनी सुनावले. पाइप ठणठणीत निघाला. टोळी शेरा मारून गेली, मातीचा ढीग तिथेच आहे.

४. अर्जदार खड्ड्यावरच्या फळीवरून तोल सावरत कार्यालयात आला. निकाली निघालेल्या तक्रारीवर रजा देता येत नाही, असे हेडक्लार्क म्हणाले. डॉक्टरांच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर त्यांनी 'मूळ जोडावे' असा शेरा मारला. खड्ड्याचे विचारले असता, गळतीच नाही तर खड्डा कसला, असे उत्तर मिळाले. अर्जदाराने अजिबात संतापू नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. डॉक्टरांना बहुधा आपल्या कार्यालयात कधी काम पडलेले नाही.

शस्त्रक्रिया चालू असताना हृदय बंद ठेवून रक्त यंत्रातून फिरवतात, हे ऐकल्यावर तर हेडक्लार्कनी, तेवढ्या वेळात कर्मचारी हयात धरावा किंवा कसे, याबाबत आपले मार्गदर्शन मागवले आहे. ती फाइल आपल्या टेबलावर असेल. धरावा, असे अर्जदाराचे नम्र मत आहे.

५. शस्त्रक्रिया सोमवारी आहे. अर्जदार घाबरला आहे आणि हे लिहायला त्याला लाज वाटत नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाने खड्डा पाहून हात टेकले, स्ट्रेचर पलीकडे नेता येणार नाही म्हणाला. तरी विनंती की, रजा द्या अगर न द्या, खड्डा तेवढा बुजवावा. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, तर अर्जदार आपल्या पायांनी घरी येईल. नाही पडली, तर चौघांना त्याला उचलून आणावे लागेल आणि त्यांतल्या एकाचा जरी पाय घसरला, तरी आपले काम आपोआप होईल. खड्डा बुजेल, फक्त आत अर्जदार असेल.

आपला नम्र व तूर्तास चालू,
(सही)
व्हॉल्व्हमन
दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत : डॉक्टरांच्या दाखल्याची झेरॉक्स. मूळ अर्जदाराच्या छातीत आहे.